इट्टिचेरिया सारांचं मनगट

सोमवारी सकाळी साडेआठला डॉ. इट्टिचेरिया स्वतःच्याच हॉस्पिटलात शिरले ते उजवा हात डाव्या हाताने, तान्हं मूल धरावं तसा धरून. हाताला करवंटीच्या डावाचा लाकडी दांडा बांधलेला होता आणि त्यावर बायकोच्या जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली होती. बाकांवरचे पेशंट सवयीने उठून "सार, सार" करू लागले; इकडे 'सर'चं 'सार' होतं. मग त्यांचं लक्ष हाताकडे गेलं आणि सगळे माना उंचावून बघू लागले.

"बाथरूममध्ये घसरलो," कुणी विचारायच्या आतच सार ओरडले. "कुणीही घसरू शकतं!"

हे मोठ्याने सांगायला कारण होतं. जानेवारी महिना होता. केरळातल्या तोडुपुळ्याच्या वरच्या डोंगरात या महिन्यात मिरी उतरवतात, आणि मिरीबरोबर माणसंही उतरतात. एकाच बांबूला खाचा पाडून केलेली शिडी झाडाला लावायची, कमरेला झोळी बांधायची आणि वेलाचे घोस खुडत वर जायचं. घोस झोळीत पडतात आणि खुडणारा हातावर पडतो. त्या सकाळीही बाकांवर सात मनगटं प्लास्टरात होती. त्यांच्या डोक्यावर सारांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती: 'साठीनंतर शिडी नाही.' प्रत्येक पेशंटला पाटीखाली उभं करून सार ती मोठ्याने वाचायला लावत. ज्याला वाचता येत नसे त्याला पाठ करायला लावत. आणि सारांना स्वतःला बासष्ट पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.

डॉ. लिन्सीने खोलीत नेऊन चिंधी सोडली. लिन्सी ही सारांची मदतनीस. वय चौतीस, त्यातली सहा वर्षं सारांच्या डाव्या बाजूला उभी राहून गेलेली. या सहा वर्षांत तिने मोडलेल्या मनगटांत चारशेच्या वर तारा घातल्या होत्या. प्लेट मात्र एकही नाही. हाडाचे साधे दोन तुकडे असले की कातडीतून बारीक तारा घालून ते जागेवर धरतात, तेवढं काम लिन्सीचं. सांध्यापर्यंत चुरा गेला की कातडी उघडून बोटभर लांबीची प्लेट स्क्रूंनी हाडावर बसवावी लागते. ती वेळ आली की सार म्हणत, "हो बाजूला. मनगट म्हणजे काही तुझी पुट्टू वाफवायची नळी नव्हे." यंदा ख्रिसमसला ती माहेरी गेली होती तेव्हा आईने विचारलं होतं, "अजून किती वर्षं बाजूला व्हायचं गं?" तो प्रश्न तेव्हापासून लिन्सीला खात होता.

एक्स-रे आला. सारांनी डाव्या हाताने तो दिव्यावर लावला आणि जीभ टाळ्याला लावून च् च् केलं.

"काय हा गाढवपणा! तीन तुकडे. एक थेट सांध्यात. कोण आहे हा मूर्ख?"

"सार, तुमचाच आहे."

"ते मला माहीत आहे!" सार खेकसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "प्लेटशिवाय गत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, एलिक्कुट्टीने, संधी साधली. "मी कालपासून सांगतेय, एर्नाकुळमला पोथनकडे जाऊ. तुमच्याच वर्गातला. एवढा मोठा डॉक्टर झालाय."

"पोथन? येत्या शनिवारी त्याचं शिबिर आहे. दोनशे डॉक्टर बोलावलेत. माझं मनगट तो मोठ्या पडद्यावर लावील आणि खाली नाव लिहील. मेलो तरी बेहत्तर, एलिये, पण पोथनच्या टेबलावर झोपणार नाही."

"मग कोण करणार? तुम्ही स्वतः? डाव्या हाताने?"

सारांनी खरोखरच क्षणभर विचार केला. मग मान वळवून लिन्सीकडे असं बघितलं, जसं घरात पाहुणे आल्यावर डब्यातल्या शेवटच्या शिळ्या केकच्या तुकड्याकडे बघतात.

"लिन्सी करील," ते म्हणाले. "पूर्ण झोपायचं नाही. खांद्यात इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करायचा. मी जागा. हात हिचे, तोंड माझं."

लिन्सीच्या तोंडून शब्द गेलाच. "नाही, सार. हात माझे असतील तर तोंडही माझंच."

"बरं बरं," सार म्हणाले. ते हे 'बरं बरं' नर्सांचा पगार वाढवण्याच्या अर्जावरही म्हणत, तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. लिन्सीने तिथल्या तिथे मनाशी ठरवलं: हेसुद्धा मनगट जर यांनी माझ्या हातातून काढून घेतलं, तर उद्या राजीनामा. पेशंट सोडून जातात, मदतनीसांनीही जावं.

सार उपाशीपोटी आलेच होते, त्यामुळे दहाला ऑपरेशन ठरलं. तेवढ्या वेळात 'सार बाथरूममध्ये घसरले' ही बातमी हॉस्पिटल चालवणाऱ्या नन्सच्या मदर सुपीरियरपर्यंत पोचली. सार राहत ते क्वार्टर हॉस्पिटलचं. म्हणजे बाथरूम हॉस्पिटलचं, फरशी हॉस्पिटलची, आणि उद्या एलिक्कुट्टी घसरली तर पापही हॉस्पिटलचंच. मदर कामाच्या बाबतीत फार झटपट. त्यांनी लगेच कुट्टप्पन गवंड्याला घण देऊन पाठवून दिलं.

इकडे थिएटरात सारांनी कुठे कापायचं याची रेघ स्वतःच बॉलपेनने, डाव्या हाताने, आपल्या मनगटावर काढून ठेवली होती. ती मुन्नारच्या घाटासारखी झाली होती. भूल देणारे डॉ. उण्णी यांनी खांद्यात इंजेक्शन दिलं आणि आपल्या स्टुलावर बसून डोळे मिटले. उण्णींची ही पद्धतच होती. पेशंटला झोप येत नसली तर ते आधी स्वतः झोपून दाखवत.

सिस्टर फिलोमिना सारांचा मोडका हात धुऊन काढायला लागल्या. तीस वर्षं त्या सारांना हत्यारं देत आलेल्या. सार नुसता श्वास घ्यायचे आणि यांच्या हातातून चिमटा निघायचा. त्यांनी सारांची बोटं एकेक करून उघडली आणि थांबल्या.

"सार, नखात हिरवं काय आहे?"

"साबण."

"आणि कोपराला सालीचे ओरखडे आहेत. आणि हे..." सिस्टरनी कोपराच्या घडीतून चिमट्याने काहीतरी उचललं आणि दिव्याखाली धरलं. हिरवागार, टपोरा मिरीचा दाणा होता. "बाथरूममध्ये मिरी लागते होय, सार?"

"फिलोमिना, हात धू. प्रवचन नको."

लिन्सी मास्कच्या आत हसली, पण हसण्यासारखी वेळ नव्हती. मध्ये हिरवा पडदा बांधला होता. पडद्याच्या त्या बाजूला सारांचं डोकं, या बाजूला त्यांचा हात. डोकं मात्र आपल्या बाजूला राहायला तयार नव्हतं.

"रेघेवरून जा!"

"रेघ वाकडी आहे, सार. मी माझी काढलीय."

"कुणाला विचारून?"

"पुस्तकाला. तुम्हीच दिलेल्या."

पुढची पंधरा मिनिटं सार पडद्यापलीकडून सगळं ऐकून ओळखत होते. "आता स्नायू बाजूला घेतलास. आता थांबलीस. का थांबलीस? घाबरलीस?" एक्स-रेच्या पडद्याकडे मान वाकडी करकरून बघत होते आणि डॉ. उण्णी डोळे न उघडता त्यांची मान सरळ करत होते. पण काम नीट चाललं होतं. लिन्सीने सांध्यातला तुकडा उचलला, एका तारेने तात्पुरता धरला, प्लेट हाडावर ठेवली. बरोबर बसली. आता छिद्रं पाडायची आणि स्क्रू घालायचे. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"सिस्टर, ड्रिल!"

तोच आवाज, तीस वर्षांचा. आणि पडद्याखालून सारांचा डावा हात बाहेर आला, उघडा, उताणा, वाट बघणारा. जित्याची खोड! सिस्टर फिलोमिनांनी ड्रिल उचललं आणि मुकाट्याने त्या हातावर ठेवलं.

बिनधुतलेल्या हातात निर्जंतुक ड्रिल. सारांनीही ते क्षणभर सवयीने नीट पकडलं, मग कळलं आपण काय केलं, आणि हळूच म्हणाले, "अय्यो."

"अय्यो माझ्या कर्मा!" सिस्टर रडवेल्या झाल्या. "हात आपोआप गेला हो डॉक्टर!"

"दुसरं ड्रिल काढा," लिन्सी म्हणाली.

"दुसरं मागच्या आठवड्यात सारांकडून मोडलं. नवीन मागवायचा कागद सारांच्या टेबलावर आहे, सहीसाठी."

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं.

ड्रिल पुन्हा वाफेवर निर्जंतुक व्हायला अर्धा तास. हात बधिर राहणार अजून दोन तास, म्हणजे वेळ होता, पण उधळायला नव्हता. लिन्सीने दंडावरचा रक्त अडवणारा पट्टा सैल केला, जखम ओल्या कापडाने झाकली आणि उभी राहिली.

आणि याच अर्ध्या तासात थिएटरच्या दारावर धाडधाड थापा पडल्या.

"कुणी सांगितलं माझं बाथरूम फोडायला?" एलिक्कुट्टी होती. दाराच्या काचेतून तिच्या हातातला अर्धा तुकडा दिसत होता, निळ्या फुलांच्या फरशीचा. "यांच्यासाठी भाताची कंजी आणायला घरी गेले, तर कुट्टप्पन भिंतीपर्यंत पोचलेला! म्हणे मदरचा हुकूम आहे, सार घसरले!"

"एलिये, हळू!" पडद्यामागून सार ओरडले.

"हळू कशाला? बाथरूममध्ये कोण घसरलं? परसातल्या फणसावर मिरीची वेल आहे, तिच्यावरून पडलात तुम्ही! काल चर्चमधून आल्या आल्या! मी म्हटलं माणूस येईल मंगळवारी, तर म्हणे चार घोसांसाठी माणूस कशाला! कमरेचा मुंडू वर खोचून चढले, आणि मी शिडी धरते म्हटलं तर म्हणे मला शिकवू नकोस!"

बाहेरच्या बाकांवर आधी कुजबुज झाली. मग सातही प्लास्टरवाले एकसाथ हसू लागले. त्यातल्या पावलोस नावाच्या म्हाताऱ्याला ती पाटी आठ वेळा पाठ म्हणावी लागली होती. त्याने ती नवव्यांदा, आपण होऊन, खणखणीत आवाजात म्हटली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असा प्रकार उघडा पडला की काही माणसं ओशाळतात. इट्टिचेरिया सार त्या जातीचे नव्हते. ते आणखी ताठ झाले.

"लिन्सी," ते म्हणाले, "पुरे झालं. प्लेट काढ. दोन तारा घाल आणि टाके घालून बंद कर."

"काय?"

"तारा. त्या तुला येतात. प्लेटचं पुढे बघू."

लिन्सी पडद्याला वळसा घालून त्यांच्या डोक्याशी गेली. पहिल्यांदाच तिने सारांचा चेहरा वरून, सरळ बघितला. कपाळावर घाम होता. ओठ पांढरे पडले होते. हा माणूस चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. चार हजार मनगटं जोडलेला हात त्या टेबलावर उघडा पडला होता आणि तो त्यांना हलवता येत नव्हता.

तिला त्यांची दया आली. आणि तरीही ती म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे?"

"तारांनी तो तुकडा धरला जाणार नाही. महिन्याभरात खचेल. मनगट वाकडं बसेल आणि तुम्हाला पुन्हा ड्रिल धरता येणार नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. वर्षाला चाळीस वेळा."

"मी पेशंट म्हणून सांगतोय!"

"पेशंटला शिडीवर चढू नको म्हणूनही सांगितलेलं होतं. ऐकलं का त्याने? मग मीही नाही ऐकत."

"फिलोमिना! तार दे तिला!"

सिस्टरचा हात ट्रेकडे गेला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात धरून परत पोटाशी आणला. "नाही जमणार, सार," त्या म्हणाल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"उण्णी सार," लिन्सी म्हणाली, "पेशंट घाबरलाय."

"मी घाबरलेलो नाही!"

डॉ. उण्णींनी डोळे उघडले आणि यंत्राकडे बघितलं. "प्रेशरचा वरचा आकडा एकशे नव्वद. हे घाबरणं नसेल तर हिंमतीला औषध द्यावं लागेल." त्यांनी सुई भरली. "गरज पडल्यास पूर्ण झोपवावे, असं फॉर्मवर लिहिलंय. खाली तुमची सही आहे, सार. वाकडी आहे, पण आहे."

"उण्णी, याद राख, तुझी रजा मी..."

रजेचं काय करणार होते ते सारांबरोबरच झोपी गेलं.

मग थिएटरात अशी शांतता पसरली, की वाफेच्या यंत्राची शिट्टी दचकवून गेली. ड्रिल आलं. लिन्सीने हात पुढे केला, तोंडाने काही बोलली नाही, आणि ड्रिल तिच्या तळव्यावर आलं. पहिला स्क्रू घालताना तिला घाम फुटला. दुसऱ्याला नाही. पाचव्याला ती माहेरच्या चर्चमधलं गाणं गुणगुणत होती, आणि सिस्टर फिलोमिना खालच्या पट्टीत साथ देत होत्या.

सार चार वाजता जागे झाले. कंजी नको म्हणाले, एक्स-रे मागितला. तो त्यांनी मंगळवारी दिवसभर बघितला. खिडकीच्या उजेडात बघितला, भिंग लावून बघितला, उलटा धरूनही बघितला. लिन्सी दोनदा तपासायला आली. त्यांनी बोटं हलवून दाखवली, "हं" म्हणाले आणि पुन्हा भिंग उचललं. बरं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. राजीनाम्याचा कागद लिन्सीने लिहिलेला नव्हता, पण मायना मनात तयार होता. प्लेट तर बसवून झाली होती. पण उद्या यांचा हात बरा झाला की आपण पुन्हा डाव्या बाजूला, हे तिला दिसत होतं.

बुधवारी सकाळी सारांना आशेचा किरण दिसला. आपल्याला चूक सापडत नाही, म्हणजे चूक नाही असं थोडंच आहे? जगात दुसऱ्याच्या कामातली चूक काढण्यात एकच माणूस आपल्याहून वरचढ. त्यांनी नाव झाकून एक्स-रेचा फोटो काढला आणि पोथनला पाठवला. खाली डाव्या अंगठ्याने लिहिलं: 'पेशंट, वय ६२, मिरीच्या शिडीवरून. काय वाटतं?'

उत्तर आलं तेव्हा खोलीत सगळेच होते. एलिक्कुट्टी संत्रं सोलत होती, लिन्सी नाडी बघत होती, सिस्टर फिलोमिना शुक्रवारच्या ऑपरेशनांची यादी घेऊन उभ्या होत्या. पोथनने लिहिलं नव्हतं, बोलून पाठवलं होतं. सारांनी डाव्या हाताने आवाज कमी करायला म्हणून जे दाबलं, त्याने तो वाढला.

"अरे इट्टिच्चा!" पोथनचा आवाज खोलीभर गडगडला. "तीस वर्षं मी बोंबलतोय, तुझे स्क्रू नेहमी एका केसाने लांब असतात! आज पहिल्यांदा बघतोय, सगळे मापात! सांधा तर आरशासारखा! साठी उलटल्यावर हात सुधारला रे तुझा! कुणाची शिकवणी लावलीस?"

एलिक्कुट्टीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. सिस्टर फिलोमिना यादीकडे अशा बघत राहिल्या, जणू ती लॅटिनमध्ये छापलेली होती. सारांचे कान लाल झाले. मग त्यांनी फोन लिन्सीपुढे धरला.

"लिही. माझ्याने होत नाही."

"काय लिहू?"

"लिही, काम माझं नाही. डॉ. लिन्सीचं आहे. मनगट माझं आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि लिही, माझे स्क्रू लांब नसतात."

तिने जसंच्या तसं लिहिलं. मिनिटभरात फोन वाजला. पोथनच होता, आणि आवाज अजूनही वाढलेलाच. "इट्टिच्चा, तो हात माझ्याकडे पाठवून दे! शनिवारी शिबिरात उभी करतो, सोमवारपासून नोकरी देतो. तुझ्या खेड्यात ती काय तारा घालत बसणार?"

सार उसळून उठायला गेले आणि हातातून कळ आली म्हणून परत पडले. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. लिन्सीने हाताने त्यांना थांबवलं. बाजूला व्हा म्हणावं, तसा नुसता तळवा दाखवला.

"नमस्कार, पोथन सार," ती फोनमध्ये म्हणाली. "शनिवारी नाही जमायचं. शुक्रवारी इथे तीन मनगटं आहेत. तिन्ही प्लेटची. दुसऱ्या दिवशी पेशंट बघायला लागतात."

तिने फोन बंद करून उशीवर ठेवला. सिस्टर फिलोमिनांनी घसा खाकरला आणि यादीवर पेन टेकवलं.

"सार, मग तिन्ही नावांपुढे कुणाचं नाव लिहू?"

इट्टिचेरिया सारांनी बायकोच्या हातातली संत्र्याची एक फोड घेतली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "डॉक्टर समोर उभ्या आहेत. त्यांना विचार."